एकाच बापाची दोन पोरं, आणि व्हॅलिडिटी दोनदा (मेडिकल प्रवेशाचे नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र)

प्रति,
मेडिकल प्रवेशाचे नियम, फिया आणि कागदपत्रांच्या याद्या ठरवणारे दिल्लीतले आणि मुंबईतले सर्व साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

संक्रांतीला गावी गेले होते तेव्हा शेजारच्या मावशी त्यांच्या पोरीला घेऊन आल्या. हातात प्लास्टिकची फाईल. म्हणाल्या, "भावाचं सगळं तूच केलंस ना, आता हिचं पण बघ." मी फाईल उघडली, यादी काढली, आणि खरं सांगते पोटात गोळाच आला, कारण यादी तीच, खेटे तेच, आणि यातले अर्धे कागद सरकारच्याच कुठल्या ना कुठल्या कपाटात पडलेले आहेत हेही तसंच. म्हणून हे पत्र. भावाचं झालं म्हणून मी गप्प बसले होते, सगळेच बसतात, एकदा नंबर लागला की कोण कशाला भांडतंय.

आधी आमची ओळख. गंगाखेड तालुक्यातलं गाव, साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस. मी थोरली, बी फार्म केलं, आता पुण्यात एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. धाकटा गेल्या वर्षी एमबीबीएसला लागला, सरकारी कॉलेज, विदर्भाच्या पार त्या टोकाला. दोन वर्षं लातूरला क्लासला ठेवलं होतं त्याला. 2024 ला नीटला, म्हणजे मेडिकलच्या देशभरातल्या प्रवेश परीक्षेला, 580 मार्क पडले होते, त्या वर्षी पहिल्या निकालात 67 पोरांना 720 पैकी 720 मिळाले होते आणि 580 वाल्याला कोणी विचारत नव्हतं. 2025 चा पेपर असला अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याला 686, आणि आमच्याला 511, तरी नंबर लागला. मार्क कमी झाले आणि डॉक्टर झाला असं आमचे काका अजून सगळ्यांना सांगतात, त्यांना ते गणित काही केल्या समजत नाही, आणि समजावून सांगायला गेलं की मलाच समजेनासं होतं.

तर परीक्षा अवघड आहे, अभ्यास लागतो, यावर माझं काही म्हणणं नाही. ती तशीच पाहिजे, उद्या तोच माझ्या आईचं ऑपरेशन करणार आहे. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं आहे. फॉर्म भरल्यापासून कॉलेजच्या गेटातून आत जाईपर्यंत जे पैसे आणि जे दिवस जातात त्याची वही मी ठेवली होती, शेतीच्याच वहीत मागच्या पानांवर. क्लासचा एक रुपया त्यात नाही, कॉलेजची फी पण नाही, तरी बेरीज 27,340 झाली. वडिलांचे जे दिवस बुडाले ते वहीत लिहायचे कसे ते मला कळलं नाही म्हणून लिहिले नाहीत.

आता एकेक सांगते.

पहिली गोष्ट जात पडताळणीची, आणि ही जरा लांब आहे पण ऐका, कारण सगळ्यात जास्त राग याचाच आहे. माझी स्वतःची कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे असं समितीनं तपासून दिलेलं सर्टिफिकेट, 2017 ची आहे, ओबीसी. बी फार्मच्या वेळी काढली. तेव्हा वडिलांनी कुठून कुठून पुरावे गोळा केले ते त्यांनाच माहीत, कारण ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो आणि आमचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत. त्यांच्या भावाचं नाव निजामाच्या काळातल्या शाळेच्या रजिस्टरात सापडलं, उर्दूत. ते वाचणारा माणूस शोधा, त्याच्याकडून भाषांतर करून घ्या, ते नोटरी करा, सगळं झालं, समितीनं तपासलं, मान्य केलं, सर्टिफिकेट दिलं. म्हणजे आमचं घराणं कोण हे सरकारला 2017 लाच कळलं होतं.

धाकट्याचा अर्ज तो बारावीला असताना कॉलेजमार्फत केला, ऑगस्ट 2023 मध्ये, माझ्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स वर लावून. आम्ही निवांत. सख्खी बहीण आहे, एकच बाप, एकच आजोबा, आणखी काय पाहिजे. तर 2025 च्या फेब्रुवारीत चौकशी केली तेव्हा कळलं की अर्जात "त्रुटी" निघाली होती, मेसेज वडिलांच्या जुन्या नंबरवर गेला होता आणि तो नंबर बंद होऊन वर्ष झालं होतं. त्रुटी काय? तर चुलत आजोबांच्या मूळ नोंदीची नव्याने साक्षांकित प्रत आणि भाषांतर. तीच नोंद, तीच समिती, ज्यांनी आठ वर्षांपूर्वी तोच कागद बघून मला सर्टिफिकेट दिलं. वडील म्हणाले, "आजोबा बदलले का काय मधल्या काळात?" खिडकीतला माणूस पण हसला, वाईट नव्हता बिचारा, म्हणाला "नियम आहे काका." जुना भाषांतर करणारा वारला होता. दुसरा परभणीत शोधला, 1,500 रुपये घेतले त्यानं, दीड पानाचे.

सर्टिफिकेट हातात आलं जुलैमध्ये, राज्याचं रजिस्ट्रेशन तोंडावर आलेलं असताना. आईनं त्या महिन्यात किती उपास केले ते मी मोजले नाहीत. व्हॅलिडिटी नसेल तर पोरगं ओपनमध्ये धरतात, आणि त्याच्या मार्कांना ओपनमध्ये काय झालं असतं ते सांगायला नको.

बापाकडच्या रक्ताच्या नातेवाईकाची व्हॅलिडिटी असेल तर ती ग्राह्य धरावी हे मुंबई हायकोर्टानं 2010 लाच सांगितलंय. मी वकील नाही, मला ते आमच्या कंपनीतल्या एका दादानं दाखवलं, त्याच्या बहिणीचं पण असंच अडकलं होतं. म्हणजे हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी सुटलेला आहे, फक्त तुमच्या खिडकीपर्यंत पोचलेला नाही. मुदतवाढ मिळते, माहितीये, 2024 ला एसईबीसीच्या (मराठा आरक्षणाच्या) पोरांना सहा महिने दिले, चांगलंच केलं. पण मुदतवाढ मिळणार की नाही, कोणाला मिळणार, हे जीआर निघाल्यावर कळतं आणि जीआर शेवटच्या दिवसांत निघतो. तोवर घरात कोणाला झोप नसते.

दुसरं, नॉन क्रिमीलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न आरक्षणाच्या मर्यादेत आहे याचा दाखला. राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातलं, सरकारी कॉलेजांतल्या ऑल इंडियाच्या 15 टक्के जागांना केंद्राच्या नमुन्यातलं. माणूस एक, उत्पन्न एक, तहसील एक, अर्ज दोन. आधी तलाठ्याचा अहवाल, मग उत्पन्नाचा दाखला, मग प्रतिज्ञापत्र, मग हे. आमचं जुनं होतं ते 31 मार्चला संपलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. आणि स्टॅम्प पेपर! 2024 च्या ऑक्टोबरात 100 चा स्टॅम्प 500 केला, बोंबाबोंब झाल्यावर मार्च 2025 मध्ये महसूल मंत्र्यांनी जाहीर केलं की जात, उत्पन्न, नॉन क्रिमीलेयर, रहिवासी असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला हे शुल्क माफ. पेपरला आलं, टीव्हीवर आलं. आम्ही जूनमध्ये कचेरीत गेलो तर तिथं 500 चाच स्टॅम्प मागितला. मी मोबाईलवर बातमी काढून दाखवली. "मॅडम आमच्याकडे लेखी आलं नाही." मग काय, घेतला. भांडत बसलं तर अर्ज बाजूला पडतो हे गावाकडच्या सगळ्यांना माहिती असतं आणि कचेरीवाल्यांना त्याहून जास्त.

तिसरं, फॉर्मच्या फिया. नीटचा फॉर्म जनरलला 1,700, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला 1,600, एससी एसटी आणि दिव्यांगांना 1,000. हेच 2021 ला 1,500, 1,400 आणि 800 होतं. 2022 ला शंभर वाढवले, 2023 ला अजून शंभर. ओबीसीला सवलत किती तर शंभर रुपये, त्यात आमच्या गावाहून परीक्षेच्या सेंटरला एका माणसाचं एसटीचं एका बाजूचं तिकीट निघतं फक्त. 2025 ला 22 लाख 76 हजार पोरांनी नाव नोंदवलं. सगळ्यांनी कमीत कमीवाली 1,000 भरली असं धरा, तरी सव्वादोनशे कोटीच्या वर जातं. परीक्षा घ्यायला पैसा लागतो, मान्य. पण 2024 मध्ये राज्यसभेत सरकारनंच सांगितलंय की नीट घेणाऱ्या एनटीएनं सहा वर्षांत साडेतीन हजार कोटींच्या वर गोळा केले आणि खर्च जाऊन साडेचारशे कोटींच्या आसपास शिल्लक राहिले. शिल्लक म्हणजे आमच्यासारख्यांचेच ना ते. एमबीबीएसच्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे जे वीस लाखांहून जास्त घरी परत जातात त्यांच्या पैशावर हे चाललंय.

मग काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटप. ऑल इंडियाच्या जागा वाटणाऱ्या दिल्लीच्या एमसीसीला ओबीसीचे 500 रजिस्ट्रेशन आणि 5,000 डिपॉझिट, जनरलला 1,000 आणि 10,000. राज्याच्या प्रवेशाला परत वेगळे 1,000. डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजचा नाद करायचा तर 5,000 आणि वर डिपॉझिट 2 लाख. नुसतं रांगेत उभं राहायचे दोन लाख! जागा मिळाली तर फी वेगळी. आमच्या धाकट्याच्या रूममेटनं ते भरले, बापानं बैलजोडी आणि आईच्या पाटल्या विकून, जागा काही मिळाली नाही. डिपॉझिट परत येतं म्हणा, पण ज्या खात्यातून भरलं त्याच खात्यात येतं. गावात निम्मी पोरं कॅफेवाल्याच्या नाहीतर मामाच्या खात्यातून भरतात, मग मामाच्या मागं फिरा. आणि दुसऱ्या फेरीत जागा मिळून घेतली नाही तर ते पण गेलं. हा नियम माहीत नसल्यामुळे किती जणांचे गेले असतील.

माहीत कसा असणार, तो वाचणार कुठं? हे चौथं. काउन्सेलिंगची माहितीपुस्तिका जाडजूड आणि इंग्रजीत. नीटचा पेपर तेरा भाषांत मिळतो, मराठीत पण मिळतो. म्हणजे पोरगं फिजिक्स मराठीत सोडवू शकतं असं तुम्हालाच वाटतं, पण स्टेटस रिटेन्शन फॉर्म, म्हणजे मिळालेलीच जागा ठेवतो असं लिहून द्यायचा फॉर्म, भरला तर पुढच्या फेरीत काय होतं, नाही भरला तर काय होतं, हे मात्र त्याच्या बापानं इंग्रजीत समजून घ्यायचं. मी फार्मसीवाली, रोज इंग्रजी एसओपी वाचते, मला ती पुस्तिका तीनदा वाचावी लागली. ज्यांच्या घरात असं कोणी नाही ते जातात काउन्सेलरकडे. कॉलेजांची पसंतीची यादी लावून द्यायचे दहा हजारापासून पुढे कितीही. हा सगळा धंदा कोणामुळे उभा राहिला? मी काउन्सेलरला दोष देत नाही, तुमच्या पुस्तिकेलाच देते.

पाचवं लहान वाटेल तुम्हाला. अलॉटमेंट लागली शुक्रवारी रात्री. रिपोर्टिंगला मोजके दिवस, मूळ कागद सगळे, मेडिकल फिटनेस, बाँडचं प्रतिज्ञापत्र, आणि फी डीडीनं. शनिवार चौथा होता, बँक बंद. रविवार. सोमवारी सकाळी दहाला डीडी काढला तर कॉलेज रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. वडील आणि तो रात्रीच्या गाडीनं उभ्यानं गेले, फाईल पोटाशी धरून, कारण सगळं ओरिजिनल त्यात. तिथं सकाळी खिडकीत सांगितलं फिटनेस सर्टिफिकेट आमच्याच फॉरमॅटमध्ये पाहिजे. चार दिवसांपूर्वी सरकारी दवाखान्यातूनच आणलं होतं, मजकूर तोच, फक्त रकाने वेगळे. परत बाहेर पडून एका डॉक्टरला 300 रुपये देऊन आणलं. त्यानं पोराकडे बघितलं पण नाही म्हणे, बघून करणार तरी काय, धडधाकट पोरगं. बाँडबद्दल तक्रार नाही माझी, सरकारी खर्चात शिकायचं आणि वर्षभर गावात नोकरी करायची, नाही केली तर 10 लाख भरायचे, ठीक आहे. आमचा तर करणारच आहे, त्याला कुठं अमेरिकेला जायचंय.

सहावं मावशींच्या पोरीसाठी. 8 जुलै 2024 चा जीआर आहे, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाची ट्युशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. हा निर्णय चांगला आहे, मनापासून सांगते. माझ्या वेळी असता तर वडिलांचं सोसायटीचं कर्ज इतकं वाढलं नसतं. पण ओळखीतल्या दोघींना कॉलेजनं सांगितलं, आधी भरा, सरकारकडून आले की परत देऊ. खासगी कॉलेजात फी वर्षाला कित्येक लाख, तिथं "आधी भरा" म्हणजे माफी कसली? ज्याच्याकडे आधी भरायला आहेत त्याला माफीची एवढी घाई नसते.

आता मागण्या. जागा वाढवा वगैरे मोठं काही मागत नाही, त्यावर बोलणारे बरेच आहेत.

सख्ख्या भावाबहिणीची किंवा बापाची व्हॅलिडिटी असेल तर नातं सिद्ध करणारा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला एवढ्यावर पंधरा दिवसांत व्हॅलिडिटी द्या. शंका असेल तर जरूर तपासा, खोटे दाखले काढणाऱ्यांमुळे आमचंच नुकसान होतं, पण तपासणी तुमची आहे तर कागद तुमच्या कपाटातून काढा. त्रुटी निघाली तर नुसत्या मेसेजवर सोडू नका, ज्या कॉलेजमार्फत अर्ज आला त्याला पण कळवा आणि गावात ग्रामपंचायतीला कळवा. मुदतवाढ द्यायची तर रजिस्ट्रेशनच्या आधी जाहीर करा, सगळ्या प्रवर्गांना एकसारखी.

नॉन क्रिमीलेयर एकाच अर्जावर दोन्ही नमुन्यांत द्या. स्टॅम्प माफ आहे तर तसा मराठीतला बोर्ड प्रत्येक कचेरीत आणि सेतूत लावा, ठळक अक्षरात, म्हणजे मोबाईल काढून दाखवायला नको.

नीटच्या फॉर्मची फी 2021 च्या पातळीवर आणा. 8 लाखांच्या आतल्यांना ऑल इंडिया आणि राज्याच्या काउन्सेलिंगची रजिस्ट्रेशन फी नको, आणि डीम्डचं 2 लाखांचं डिपॉझिट कमी करा, नाहीतर जागा मिळाल्यावर घ्या.

माहितीपुस्तिका मराठीत काढा, इंग्रजीच्याच दिवशी, महिनाभरानंतर नाही. गुगलचं भाषांतर नको, ते वाचून इंग्रजी बरं वाटतं. आणि प्रत्येक तालुक्यात एका ज्युनिअर कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत एक माणूस बसवा ज्याला हे नियम पाठ आहेत आणि जो पैसे घेत नाही.

रिपोर्टिंगला कामाचे पाच दिवस द्या, सुट्ट्या सोडून. फी ऑनलाइन घ्या किंवा डीडी घ्या, पोराला सोयीचं असेल ते. फिटनेसचा एकच फॉरमॅट सगळ्या कॉलेजांना. आणि मुलींच्या माफीत आधी पैसे मागणाऱ्या कॉलेजावर काय कारवाई होते ते जाहीर करा, होत असेल तर.

उत्तराची वाट बघते. येत्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मावशींच्या पोरीची फाईल लावायला बसणार आहे. तिच्या घरात अजून कोणाचीच व्हॅलिडिटी नाही, ती पहिलीच. पणजोबांची नोंद आहे म्हणतात कुठल्यातरी जुन्या रजिस्टरात, उर्दूतली. परभणीच्या त्या भाषांतरवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे, तो दिलाय त्यांना. यंदा 2,000 घेतो म्हणाला.

आपली,
एका एमबीबीएसच्या पोराची थोरली बहीण
मूळ गाव तालुका गंगाखेड, सध्या पुणे